पट्टा सैल होईपर्यंत

वगीह थांबला होता. इनसाफच्या हातात ओला टॉवेल होता, दातांत चिमटा होता, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तिला खालच्या गल्लीत आपला नवरा थांबलेला दिसत होता. कोणाशी बोलायला नाही, सिगारेट पेटवायला नाही, नुसताच. पट्टा ताणलेला होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ती पांढरी कुत्री पाय रोवून मासळीवाल्याच्या हातगाडीकडे ओढत होती. वगीह मागे ओढत नव्हता, ओरडत नव्हता. एखाद्याने बाकावर बसून समुद्र बघावा तसा तो उभा होता. खांदे सैल, चेहऱ्यावर घाईचा मागमूस नाही. शेवटी कुत्रीनेच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, पट्टा सैल पडला आणि ती रस्त्यात नीट खाली बसली. वगीह वाकला, तिच्या कानामागे बोटं फिरवत काहीतरी बोलला. वरून शब्द ऐकू आले नाहीत, पण आवाजाचा उतार इनसाफला कळला. तो उतार तिच्या ओळखीचा नव्हता. टॉवेलचं पाणी गॅलरीच्या कठड्यावरून खाली ठिबकत राहिलं आणि खाली इस्त्रीवाला खमीस तिला मुलाच्या नावाने हाक मारत ओरडला, "उम्म हाझिम, आधी सांगायचं तरी! छत्री आणली असती!" तिने दातांतला चिमटा काढला, "माफ कर रे," म्हणाली, आणि टॉवेल तारेवर टाकून पुन्हा खाली बघू लागली.

ती कुत्री घरात आली तेव्हा इनसाफने नाक मुरडलं होतं ते नमाजाच्या चटईवर केस पडतील म्हणून. निदान ती तसं म्हणाली होती. बंदरातल्या जकात कचेरीतून निवृत्त झाल्यावर वगीह दोन महिने खुर्चीत बसून होता. मग एका संध्याकाळी तो कोटात गुंडाळून हे पिल्लू घेऊन आला. रस्त्यावरचं, साधं गावठी, कान फाटलेलं. "मोगऱ्यासारखी पांढरी आहे," तो म्हणाला आणि त्याने तिचं नाव फुल्ला ठेवलं. किनाऱ्यावरच्या रस्त्यावर पोरं मोगऱ्याचे गजरे घेऊन जोडप्यांच्या मागे लागतात, तिथल्या बोलीत मोगऱ्याला 'फुल्ल'च म्हणतात. लग्न ठरलं होतं तेव्हा असाच एक पोरगा त्यांच्या मागे मागे आला होता, "बाईसाहेबांसाठी घ्या ना, बाईसाहेबांसाठी," म्हणत, आणि वगीहने चालण्याचा वेग वाढवला होता. पोरगा मागे पडला. इनसाफही मागे पडली. पोराने तिच्याकडे बघून खांदे उडवले होते ते तिला अजून आठवत होतं. वगीहचा चेहरा मात्र त्या संध्याकाळचा आठवत नाही, कारण तो तिला दिसलाच नव्हता. पाठ दिसली होती. करड्या कोटाची, मध्ये शिवणीचा ताण पडलेली पाठ. त्याच्याबद्दल कोणी विचारलं तर आपण आधी पाठच सांगू, असं तिला कित्येकदा वाटलं होतं. ती पाठ कोणत्याही गर्दीत ओळखता येत होती. ओळखावीच लागायची, नाहीतर घरी कसं पोचायचं?

तो वाईट माणूस नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. तो फक्त पुढे चालायचा. रमल स्टेशनच्या गर्दीत, मनशियाच्या बाजारात, तिच्या आईच्या अंत्ययात्रेनंतर नातेवाइकांकडे जाताना, तो पुढे आणि ती मागे. ट्राममध्ये बायकांचा डबा वेगळाच, म्हणून तिथे तर प्रश्नच नव्हता. पण उतरल्यावरही तो तिची वाट न बघता चालू लागायचा. हाझिमच्या वेळी सातवा महिना होता, हातात भाजीच्या पिशव्या होत्या, आणि बाजारातून येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. समोरून पाठ गेली, कोपऱ्यावर वळली. ती बसून राहिली. आता येईल, आता येईल. पायरी थंड होती आणि पोटातलं मूल लाथा मारत होतं. शेवटी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन ती घरी गेली तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता. "कुठे राहिलीस?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. सगळ्या संसारात तिला त्याने सर्वांत जास्त वेळा काय विचारलं असेल तर ते हेच. कुठे राहिलीस? आणि त्या प्रश्नाला तिला कधी नीट उत्तर सुचलं नव्हतं, कारण ती कुठेच राहिलेली नसायची. ती मागून येत असायची.

कुत्रीला मात्र थांबून बसायला शिकवण्याचं कारण हाज मितवल्ली होते. पाचव्या मजल्यावर राहायचे, इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुपारच्या असरच्या नमाजाला इस्त्रीचा पायघोळ गलाबिया घालून, हातपाय धुऊन वजू करून, हळूहळू जिना उतरायचे. लिफ्ट बंद होती. एकदा फुल्लाने दारातच त्यांच्या गलाबियाला ओलं नाक लावलं. हाज तिथेच उभे राहिले, खाली डागाकडे बघितलं, वर पाच मजल्यांकडे बघितलं. "वगीह," ते म्हणाले, "आता मी परत वर जाणार, हे सात पाण्यांनी धुणार, त्यात एकदा माती लावणार, आणि तोवर मशिदीत सलाम फिरून नमाज संपलेला असणार. याचं पाप कोणाच्या माथी लिहायचं ते तूच सांग."

"मालिकी पंथाच्या मताने कुत्रं पाकच असतं, हाज."

"असेल. मी मालिकी नाही. माझे गुडघे तर कुठल्याच मताचे नाहीत. पुन्हा एकदा असं झालं की इमारतीत एक तर ती राहील नाहीतर मी. आणि मी काही कुठे जाणार नाही."

तेव्हापासून वगीह फोनवर कैरोच्या कुठल्याशा पोराचे व्हिडिओ बघू लागला. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. इनसाफ स्वयंपाकघरात मुलूखियाची पानं बारीक चिरत असायची आणि त्या पोराचा आवाज भिंतीतून यायचा. पट्टा ताणला गेला की तुम्ही थांबायचं. ओढायचं नाही. रागवायचं नाही. ती स्वतः वळून तुमच्याकडे बघेपर्यंत वाट बघायची. तिला कळलं पाहिजे की तुम्ही तिला सोडून जाणार नाही. इनसाफचा चाकू थांबायचा. मग पुन्हा चालू व्हायचा, जरा जास्तच जोरात. "काय करतेस, फळी फोडतेस का?" वगीह बाहेरून विचारायचा. आणि तिला वाटायचं की आत्ता बाहेर जावं, तो फोन त्याच्या हातातून घ्यावा आणि त्या पोराला विचारावं, बाबा रे, हे तू इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस?

तो शिकला. हे सर्वांत वाईट होतं. शिकता येत होतं. इतकी वर्षं ती समजत होती की काही माणसं अशीच असतात, त्यांच्या पायांनाच वेग असतो, जसा कोणाच्या आवाजाला घोगरेपणा असतो. त्याला काय करणार. आणि आता ती रोज गॅलरीतून बघत होती. कोपऱ्यावर थांबायचा, फुल्ला बसायची. समोरून कोणी नमाजाला जाताना दिसलं की तो भिंतीकडे सरकायचा, थांबायचा, फुल्ला बसायची आणि तो माणूस पार जाईपर्यंत हलायची नाही. वगीह तिच्याकडे बघत राहायचा. तिच्या शेपटीचं टोक, कान, दम, सगळं त्याला कळू लागलं होतं. "आज दमलीय ती," जेवताना तो सांगायचा, "उजवा पाय जरा जपून टाकते." इनसाफचा डावा गुडघा दोन हिवाळे सुजलेला होता. तिने भात वाढला.

गल्लीने त्याचा भलताच अर्थ काढला. नमाजाला जाणारे दिसले की कुत्री बसते, हे एकाने पाहिलं, दुसऱ्याने सांगितलं, आणि बघता बघता असं झालं की फुल्लाला अजान कळते. तिला मान ठेवायचं कळतं. खमीस तर हातातली इस्त्री बाजूला ठेवून सलाम ठोकायचा. "या, हाजा फुल्ला, या! काबा शरीफहून कधी आलात?" गल्लीतली बायका-मुलं हसायची आणि नाव चिकटलं. हाजा फुल्ला. फळवाला म्हणू लागला, मासळीवाला म्हणू लागला. एक दिवस खुद्द हाज मितवल्लींनी तिच्यासमोरून जाताना मिशीत हसून म्हटलं, "अल्ला कबूल करो, हाजा." इनसाफ तेव्हा वगीहच्या मागे, नेहमीच्या अंतरावर, भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिला कोणी हाजा म्हणत नव्हतं. हाझिमने दोहाहून दोनदा म्हटलं होतं, अम्मी, यंदा तुला हजला पाठवतो, आणि दोन्ही वेळा वगीह म्हणाला होता, आधी गुडघा बघ, त्या गर्दीत तू मागे राहशील. मागे राहशील! ती घरी आली, दार लावलं आणि पिशवीतले टोमॅटो एकेक करून सिंकमध्ये टाकले. एक फुटला. तिला ते बरं वाटलं. कुत्रीचा हेवा वाटतो असं कोणाला सांगायचं? बहिणीला सांगितलं तर हसून लोळेल. दुसरी बाई असती तर निदान मोठ्याने रडता आलं असतं, शेजारणी आल्या असत्या, चहा झाला असता.

सकाळचं फिरणं झालं की वगीह कॉफीहाऊसमध्ये जायचा. त्या वेळात तिने फुल्लाला गच्चीवर न्यायला सुरुवात केली. वाळवणाच्या तारा, गंजलेल्या डिश, कोणाचं तरी कबुतरांचं खुराडं. एप्रनच्या खिशात लसूण-मिरचीत परतलेल्या कलेजीचे तुकडे, वगीहच्या आवडीचे. तिचा विचार सरळ होता आणि तो तिने स्वतःपासून लपवला नाही. कुत्रीला एकदा, फक्त एकदाच, हाज मितवल्लींसमोर उठायला लावायचं. बाकी सगळं हाज करतील. ती वगीहसारखंच म्हणायची, "बस." फुल्ला बसायची. मग इनसाफ लांब जाऊन जिभेने टाळूला टक् करायची. पहिल्या दिवशी कुत्री नुसती गोंधळली. उठू की नको? तिने एकदा जिन्याच्या दाराकडे बघितलं, जणू तिथून वगीह येऊन सांगेल. इनसाफने वाट बघितली. रागवायचं नाही, ओढायचं नाही. तिला सगळं पाठ होतं, तीही ते भिंतीपलीकडून शिकली होती. चौथ्या-पाचव्या सकाळी टक् म्हटल्याबरोबर फुल्ला धावत आली आणि तुकडा खाऊन, कोणी न सांगता, इनसाफच्या पायाशी बसली. मान वर करून तिच्याकडे बघत राहिली. ते तिने शिकवलं नव्हतं. पण थांबवलंही नाही. ते तपकिरी, ओलसर डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळलेले होते आणि गच्चीवर दुसरं कोणीही नव्हतं. कोणी आपल्याकडे असं कधी बघितलं होतं, हे ती आठवू लागली आणि आठवणं सोडून दिलं. फुल्लाने तिच्या सुजलेल्या गुडघ्याला अंग टेकलं. गरम होतं. "चल, हो बाजूला," इनसाफ म्हणाली, पण गुडघा हलवला नाही. खाली उतरताना तिने हात दोनदा साबणाने धुतले आणि खिशाचा वास घेतला. म्हणजे याला असं वाटतं, तिच्या मनात आलं. रोज सकाळी, रस्त्यात थांबून, त्याला हे मिळतं.

त्या दिवशी ती वगीहबरोबर असरच्या आधी खाली उतरली. "औषधाच्या दुकानात जायचंय," म्हणाली. तो आणि फुल्ला पुढे, ती मागे. अजान संपली होती, इमारतींतून माणसं बाहेर पडत होती. हाज मितवल्ली आले; गलाबिया इतका पांढरा की खमीस दुकानातून ओरडला, "हाज, आज माझी इस्त्री बघा! गुन्हेगार घालून गेला तरी माफ होईल!"

"तू आधी नमाजाला ये, मग बोल," हाज म्हणाले.

"गरम इस्त्री सोडून? हाजा फुल्ला जाते ना माझ्या वतीने!"

वगीह भिंतीकडे सरकला, थांबला. फुल्ला बसली. पट्टा इतका सैल होता की मधोमध जमिनीला टेकला होता. आता त्याला तो घट्ट धरायची गरजच राहिली नव्हती, दोन बोटांत नुसता अडकवलेला. आणि त्याच्या चेहऱ्यावर ते होतं. इनसाफला आज प्रथम ते जवळून, बाजूने, नीट दिसलं. अभिमान नव्हता. विसावा होता. या माणसाला कुठेही पोचायचं नव्हतं. ती औषधाच्या दुकानाच्या पायरीशी उभी होती, हाज तिच्या आणि त्याच्या मध्ये येत होते, आणि अजूनही काही न करता दुकानात जाता आलं असतं. तिला हे स्पष्ट कळत होतं. तिने जीभ टाळूला लावली. टक्.

पट्टा वगीहच्या बोटांतून निसटला. फुल्ला हाजच्या पायांमधून आली, ओलं तोंड गलाबियाला पुसत, हाज भिंतीला धरून कसेबसे सावरले, कोणीतरी "अरे, अरे!" म्हणालं, आणि फुल्ला इनसाफच्या समोर येऊन बसली. अगदी नीट. पाठ सरळ, पुढचे पाय जोडलेले, मान वर. डोळे तिच्या एप्रनच्या खिशावर. इनसाफ घाईत एप्रन काढायची विसरली होती. रस्त्यातली सगळी माणसं कुत्रीकडे बघत होती, आणि कुत्री जिकडे बघत होती तिकडे बघत होती. "जा," इनसाफ पुटपुटली, "जा ना." फुल्ला हलली नाही. ती चांगली शिकलेली होती.

हाज मितवल्लींनी डागाकडे बघितलं. मग इनसाफच्या खिशाकडे. मोठा माणूस होता, बाईमाणसाला रस्त्यात काही बोलणारा नव्हता. "वगीह," ते शेवटी म्हणाले, "मी वर जाऊन धुऊन येतो. मंडळात मी काही बोलणार नाही. कुत्रीचं काही चुकलं नाही."

वगीह आला. त्याने खाली पडलेला पट्टा उचलला, पण लगेच निघाला नाही. इनसाफला वाटलं, आता ओरडेल. तिला ते हवंसं वाटलं, रस्त्यात, सगळ्यांसमोर. त्याने फुल्लाच्या कानामागे हात फिरवला. "खिशात आहे ते दे तिला," तो म्हणाला. "बसलीय ती. वाट बघतेय." इनसाफने खिशात हात घातला. तुकडे तिच्या बोटांना तेलकट लागले आणि फुल्लाने ते हळुवारपणे, दात न लावता घेतले.

त्याने फुल्लाला घालवून दिलं. हाजनी नको म्हटलं, खमीसने नको म्हटलं, फोनवरून हाझिमने नको म्हटलं. रशीद गावी वगीहच्या चुलतभावाची खजुरीची बाग होती. तिथे पट्टा नव्हता, जिने नव्हते, नमाजाला जाणारे सगळे ओळखीचे होते. "दोघांनी दोन गोष्टी शिकवल्या तर तिचं काय होणार?" तो म्हणाला, भिंतीशी बोलावं तसा. "एक दिवस रस्ता ओलांडताना कोणीतरी टक् करेल आणि ती गाडीखाली जाईल." एवढंच. त्यापलीकडे तो या विषयावर बोलला नाही. का केलंस, हे विचारलं नाही. इनसाफने उत्तर तयार ठेवलं होतं. चपलेपासून सुरुवात करायची होती, त्या थंड पायरीपासून. मग गजरेवाला पोरगा, ट्राम, आईची अंत्ययात्रा. भांडी घासताना ती ते मनात लावत होती, एकातून दुसरं निघत होतं, कधी कधी ओठ हलायचे. त्याने विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं आणि मग कदाचित रडली असती आणि कदाचित त्याला कळलं असतं. तो जेवायचा, ताट उचलून आत ठेवायचा. चटईवर आता केस नव्हते. ती नमाजाला उभी राहायची आणि नमाजाच्या कितव्या फेरीत, कितव्या रकातीत आहोत ते विसरायची.

मग एका दुपारी तो म्हणाला, "चल, फिरून येऊ." तिला आधी कळलंच नाही तो कोणाशी बोलतोय. ती चटकन उठली, केसांवरचा रुमाल बदलला, निळा घेतला, बरे बूट घातले. जिन्यात तो तिच्या पुढे उतरला नाही. दारात थांबला, तिला आधी बाहेर पडू दिलं. खमीसने इस्त्रीवरून मान वर केली आणि खाली घातली. किनाऱ्याच्या रस्त्यावर वारा होता, भाजक्या कणसांचा धूर आडवा येत होता, कठड्यावर माणसं गळ टाकून बसली होती. ती चालली आणि तो तिच्या बाजूला होता. अर्धं पाऊल मागे. एवढ्या वर्षांत प्रथमच तिच्या डोळ्यांसमोर पाठ नव्हती. समोर सगळा रस्ता मोकळा होता, समुद्र होता, आणि तिला काय करावं ते सुचेना. ती वेगाने चालली, तोही तेवढ्याच वेगाने. ती हळू झाली, तो हळू झाला. मग तिने थांबून पाहिलं. कठड्याला हात लावून, जणू बोटी बघायच्या आहेत. तो थांबला. ओढलं नाही, विचारलं नाही, कुठे राहिलीस म्हणाला नाही. घाई नव्हती. तिने हळूच त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या विसाव्यासाठी, जो तिने औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून पाहिला होता.

तो तिच्या हातांकडे बघत होता, ते आता काय करतील यावर नजर ठेवून.

एक बाई छोट्या मुलीला घेऊन त्यांच्या बाजूने जायला आली तेव्हा वगीह अलगद मध्ये आला, मुलीच्या आणि इनसाफच्या मध्ये, त्या दोघी पार जाईपर्यंत तसाच उभा राहिला आणि पुन्हा आपल्या जागी, अर्धं पाऊल मागे गेला. तिच्याकडे पाठ करायची नाही, अशा बेताने तो चालत होता. बाईने जाताना मागे वळून बघितलं आणि हसली. वयस्कर जोडपं, किती जपतो बिचारा. इनसाफही तिच्याकडे बघून हसली. मग ती निघाली. गुडघा ठणकायला लागला होता, पुढे बाक होते, एक रिकामा होता, पण थांबलं की तो थांबणार होता आणि पुन्हा तसाच बघणार होता, म्हणून ती बाकाजवळून पुढे गेली, आणि पुढच्याही, आणि तिच्या मागून त्याची पावलं येत राहिली, ना जवळ ना लांब.